सुटत नाही म्हणजे घट्ट आहे का?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३३ ते ३५. धृतीचे तीन प्रकार.

गेले काही दिवस आपण या अध्यायातल्या तीन-तीनच्या गटांमधून चाललोय. ज्ञान झालं, कर्म झालं, कर्ता झाला, काल बुद्धी झाली. आज धृती. धृती म्हणजे धरून ठेवण्याची ताकद. धीर म्हणा, चिकाटी म्हणा, निश्चय म्हणा.

मला वाटलं होतं, इथे काय असणार ते वाचण्याआधीच सांगता येईल. सात्त्विक माणूस घट्ट धरून ठेवतो, राजस माणूस फायदा असेल तोवर धरतो आणि तामस माणूस धरसोड करतो. आळशी, आरंभशूर. जिमची वर्षाची फी भरून तीन दिवस जाणारा.

गीता तसं म्हणतच नाही. गीता म्हणते, तामस माणसाकडेही धृती असते. तोही धरून ठेवतो, आणि जबरदस्त धरून ठेवतो. काय धरतो? झोप, भीती, शोक, विषाद आणि मद. या पाच गोष्टी तो सोडत नाही, आणि या न सोडण्यालाही भगवंत धृती हाच शब्द वापरतात. बाहेरून बघणाऱ्याला तोही निश्चयीच दिसेल, आणि आतून त्याला स्वतःलाही तसंच वाटत असेल.

आणखी एक बारकी गोष्ट बघा. पहिल्या दोन श्लोकांत क्रियापद आहे ‘धारण करणं’. सात्त्विक धृती मन, प्राण आणि इंद्रियं यांचं चालणं धारण करते. राजस धृती धर्म, काम, अर्थ धारण करते, फळाची आस ठेवून. तिसऱ्या श्लोकात क्रियापद बदलतं. तिथे ‘धारण करणं’ नाहीच, तिथे आहे ‘न सोडणं’. मराठीत बोलताना आपण हे दोन्ही एकच समजतो. धरलंय म्हणजे सोडलं नाही, सोडलं नाही म्हणजे धरलंय. पण गीतेने शब्द बदललाय, आणि मला वाटतं तो छंदात बसावा म्हणून बदललेला नाही.

मग प्रश्न असा की आपण एखादी गोष्ट वर्षानुवर्षं सोडलेली नाही, तर ती आपण धरली आहे, की ती नुसतीच आपल्याकडून सुटत नाहीये? हे ओळखायचं कसं? प्रश्न पुस्तकी नाही. तुमच्यातले बरेच जण इनबॉक्समध्ये जे लिहितात त्यातलं निम्मं हेच असतं. सात वर्षं भावाशी बोललो नाही, तत्त्वाचा प्रश्न होता. ब्रेकअपला तीन वर्षं झाली, दुसऱ्या कुणाचा विचार करणं म्हणजे बेईमानी वाटते. एका सत्संग ग्रुपमध्ये आता मन रमत नाही, पण सोडलं तर काहीतरी वाईट घडेल. यातली निष्ठा कुठली आणि अडकणं कुठलं?

मला याचं सगळ्यात चांगलं उत्तर सापडलं ते गाडीच्या चाकात. जरा तांत्रिक होणार आहे, सांभाळून घ्या. इंजिनियर माणसाकडून दुसरी अपेक्षाही ठेवू नका.

गाडीचं चाक ज्यावर बसतं त्याला हब म्हणतात. हबमधून चार किंवा पाच स्टड बाहेर आलेले असतात, त्यावर रिम चढवायची आणि नट आवळायचे. नट आवळला की स्टड अगदी किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा, आणि तो ताण रिमला हबवर दाबून धरतो. गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, खड्ड्यातला दणका हे सगळं त्या दाबामुळे झेललं जातं. म्हणजे चाक जागेवर आहे कारण चार स्टड प्रत्येक क्षणी ताण सोसून ते धरून आहेत. हे झालं धारण करणं.

आता दुसरी गोष्ट. हबच्या मध्यभागी एक उंचवटा असतो आणि रिमच्या मधलं भोक त्यावर अगदी नेमकं बसतं. फट जवळजवळ नसतेच. त्या फटीत पाणी गेलं, पाण्यात मीठ असलं, की लोखंड गंजायला लागतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. फुगायला जागा नाही, म्हणून तो दोन्ही बाजूंना दाबून बसतो. पाचर मारल्यासारखा. मग तुम्ही सगळे नट काढून हातात घेतले तरी चाक हलत नाही. चाराच्या चार नट जमिनीवर ठेवलेले आणि चाक जिथल्या तिथे! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, वा, काय पक्कं बसलंय.

ज्यांच्या गाड्यांना अलॉय व्हील आहेत त्यांनी खूश होऊ नये. अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून, मध्ये खारट पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. तिथे अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी साचते. अडकतं ते तसंच.

हे सगळं मी जवळून पाहिलं ते उत्तनला. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत बस उत्तनला येते. वाटेत मिठागरं लागतात, पुढे समुद्र. वेलंकनी मातेच्या तीर्थस्थानाकडे गेलात तर बाजूला किनारा, होड्या, बांबूच्या वलांड्यांवर वाळणारे बोंबील. हवा इतकी खारी की खिडकीचे गज, गेटच्या बिजागऱ्या, एसीचा बाहेरचा डबा, सगळं तांबूस झालेलं. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंड पुरतं कोरडं होत नाही. तिथे माझे काका राहतात. निवृत्त आहेत. तीन वर्षांपूर्वी काकू गेली.

घरात गाडी चालवायची ती काकूच. पन्नाशीनंतर शिकली होती, आणि काका शेजारच्या सीटवर बसून तिला गिअर कधी बदलायचा ते सांगायचे, स्वतःला चालवता येत नसताना. काकू गेली आणि गाडी दारात उभी राहिली. काका दर रविवारी ती पुसायचे. काच, बॉनेट, आरसे. विकायचा विषय काढला की उठून आत जायचे. आमच्यापैकी कुणी चालवून आणतो म्हटलं तरी नाही. सीट जशी काकूने पुढे ओढून ठेवली होती तशीच.

मग रस्त्याचं काम निघालं, गाडी हलवणं भाग होतं आणि पुढचं एक चाक पूर्ण बसलेलं. गल्लीतल्याच एका मेकॅनिकला बोलावलं. एरवी होड्यांची इंजिनं बघतो तो, साठीचा असेल. त्याने मागच्या चाकांना दगड लावले, गाडी जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक लावला, नट काढले. चाक जागचं हललं नाही.

बघायला चार जण जमलेलेच होते. एकाने घण आणायची तयारी दाखवली. मेकॅनिक म्हणाला, “घण मारला तर रिम वाकेल, बेअरिंग जाईल. चाक निघेल, पण मग लावायचं कुठे?” मी हे वाक्य तेव्हाच मोबाईलमध्ये लिहून ठेवलं.

त्याने काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण पुढे लागणार आहे. आधी दोन नट पुन्हा चढवले, चार-पाच आटे, सैलच. म्हणजे चाक अचानक सुटलं तरी उडून कुणाच्या पायावर येऊ नये. मग मधल्या उंचवट्याभोवती गंज सोडवायचं तेल मारलं आणि चहा मागवला. चहा पिऊन झाला तरी हात लावला नाही. मग टायरला, रिमला नाही, टायरच्या रबराला पाय मारला. एकदा वरच्या बाजूला, चाक थोडं फिरवून पुन्हा वरच्या बाजूला. पुन्हा तेल. मग मागून लाकडाचा ठोकळा लावून हातोडीचे हलके ठोके, एकेका जागी एक. गाडीखाली मात्र गेला नाही; नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नसतं, हे त्याने जमलेल्या पोरांनाही ऐकवलं. एवढं करून नाही निघालं तर दुसरा उपाय असतो म्हणाला : नट किंचित सैल ठेवून गाडी खाली घ्यायची, फूटभर पुढे, फूटभर मागे, दर वेळी ब्रेक. गाडीच्याच वजनाने गंजाची पकड तुटते. तशी वेळ आली नाही. तासाभराने ठप्प असा आवाज झाला आणि चाक त्या दोन सैल नटांवर येऊन टेकलं.

काका दारात उभे होते. ते म्हणाले, “एवढं घट्ट होतं, मग धोका तरी काय होता? नट नसते तरी चाललं असतं.”

मेकॅनिकने त्यांना जवळ बोलावलं आणि हबवर बोट फिरवलं. बोटाला तांबडी पापुद्र्यांची भुकटी लागली. “काका, उलटं आहे. ह्याच्यावर नट कितीही आवळा, ते ह्या भुकटीवर आवळले जातात. गाडी चालली की भुकटी दबते, आणि नट सैल होतो.”

हे मी नंतर वाचून तपासलं, आणि तो शंभर टक्के बरोबर होता. रिम आणि हब यांच्यामध्ये गंज, रंगाचा जाड थर किंवा माती राहिली तर ती चालताना दबत जाते, स्टडचा ताण कमी होतो, आणि नट ढिला पडतो. चाकं निखळण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी हे एक आहे. म्हणजे हातांना जे सगळ्यात घट्ट लागलं तेच खऱ्या पकडीला आतून पोखरत होतं. गंज चाक धरत नव्हता. तो नुसता सुटू देत नव्हता.

तिसऱ्या श्लोकातलं बदललेलं क्रियापद मला इथे कळलं.

नट आणि गंज यांच्यात फरक काय? मला जाणवलेले सांगतो. नट मोजता येतात. चार आहेत, कुठे आहेत, कुणी आवळले हे माहीत असतं. गंज मोजता येत नाही, नेमकं कुठे धरलंय ते बोट ठेवून दाखवता येत नाही. भावाशी सात वर्षं न बोलणाऱ्याला विचारा, नेमकं कशामुळे? पहिल्या वर्षी तो एक वाक्य सांगेल. सातव्या वर्षी अर्धा तास बोलेल आणि ते मूळ वाक्य त्यात नसेल. दुसरं, नट आवळायला कुणीतरी श्रम केलेले असतात. गंजाला काहीच करावं लागत नाही. किंबहुना काहीच केलं नाही तरच तो वाढतो. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं : नट ज्या आट्यांवर आवळतो त्याच आट्यांवर उलटा फिरतो. उघडता येणं हा त्याचा कच्चेपणा नाही. तो तसाच बनवलेला आहे, आणि तरीही धावत्या गाडीचा भार तोच पेलतो.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे वेगळ्या रूपात माहीत असेल. प्रत्येक कंपनीत एक असा सर्व्हर असतो जो चार-पाच वर्षं बंद केलेला नाही. सगळे अभिमानाने सांगतात, एकदाही रीस्टार्ट नाही! खरं कारण असं असतं की तो परत चालू होईल याची कुणालाच खात्री नसते. ज्याने सेटअप केलं तो नोकरी सोडून गेलेला. त्याला स्थिर म्हणायचं की अडकलेला, ते रीस्टार्ट करायच्या दिवशी कळतं, आणि तो दिवस आपण निवडलेला नसतो.

(राजस धृती म्हणजे एअर गनने गरजेपेक्षा जास्त आवळलेला नट, असं म्हणून तिन्ही श्लोक तीन खणांत बसवायचा मोह होतोय. स्टड प्रमाणाबाहेर ताणला की त्याची स्प्रिंग मरते, हेही खरं आहे. पण गीतेला इतकं ओढून ताणून बसवू नये. पुढे जाऊ.)

तुमच्यातल्या निम्म्यांच्या मनात आतापर्यंत कर्ण आला असेल. चाक म्हटलं की मराठी माणसाला कर्ण आठवतो, आणि १९६७ मध्ये शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आल्यापासून तर तो आपल्या घरचाच झालाय. त्याचं चाक जमिनीत रुतलं होतं, गंजलं नव्हतं, पण आपला प्रश्न त्याच्याइतका कुणालाच लागू पडत नाही. कर्णाने दुर्योधनाला शेवटपर्यंत सोडलं नाही. ही धृती कुठली?

युद्धाआधी कृष्ण त्याला सांगतो की तू कुंतीचा मुलगा, राज्य तुझं. उद्योगपर्वातला हा संवाद जरूर वाचा. कर्ण नकार देतो, आणि त्याची काही कारणं अगदी लखलखीत आहेत. राधा आणि अधिरथाने वाढवलं, त्यांचं प्रेम मी राज्यासाठी विकणार नाही. हा नट आहे, मोजून दाखवता येणारा. पण त्याच संवादात तो हेही म्हणतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे लागट बोललो त्याचा आता पश्चात्ताप होतो. आपली बाजू हरणार हेही त्याला दिसतंय. एवढं सगळं दिसत असलेला माणूस ही कबुली कृष्णाजवळ देतो, आणि मग दुर्योधनाकडे परत जातो तो काहीच न बोलता. सुटत नाही, म्हणून राहतो.

याच्या शेजारी मला विकर्ण ठेवावासा वाटतो. त्याच्यावर कुणी कादंबरी लिहिलेली मी वाचलेली नाही. दुर्योधनाचा धाकटा भाऊ. द्यूतसभेत भीष्म-द्रोण गप्प असताना हा उठतो आणि म्हणतो की द्रौपदी जिंकली गेलेली नाही, कारण स्वतः हरलेल्या युधिष्ठिराने तिला पणाला लावलं. भर सभेत, भावाच्या तोंडावर. त्याला झापून खाली बसवतो कोण? कर्ण. पुढे युद्धात विकर्ण भावांच्याच बाजूने लढतो आणि भीमाच्या हातून मारला जातो, आणि त्याला मारल्यावर भीमालाही वाईट वाटतं. दोघंही दुर्योधनाच्या बाजूने, दोघंही मेले. पण विकर्णाने आपलं नातं एकदा सगळ्यांसमोर उघडून बघितलं होतं, आतलं चुकीचं आहे असं मोठ्याने म्हटलं होतं, आणि मग पुन्हा आवळलं होतं. त्याचा निर्णय बरोबर होता असं मी म्हणत नाही. पण ती धृती होती. कर्णाबद्दल मला ते म्हणवत नाही, आणि यावरून कमेंटमध्ये शिव्या पडणार हे गृहीत धरलंय.

आता जिथे मला सगळ्यात जास्त अडचण होते तिथे येतो. पाच गोष्टींच्या यादीत शोक आहे. मग काकांचं काय? बायको गेल्यावर तीन वर्षं तिची सीट मागे न ढकलणाऱ्या माणसाला गीता तामस म्हणते का?

मला वाटतं, इथे घाई करणारे दोन्हीकडे चुकतात. एक गट म्हणतो, हो, आत्मा अमर आहे, रडायचं कशाला. दुसरा म्हणतो, गीता निष्ठुर आहे. पण गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग आहे. विषाद, म्हणजे आजच्या यादीतलीच चौथी गोष्ट, आणि तिथे तिला योग म्हटलंय. तोच विषाद पहिल्या अध्यायात योग आणि अठराव्यात तामस, हे कसं? फरक विषादात नाही. अर्जुनाने तो उघडला. धनुष्य खाली ठेवलं, रडला, अंग कापतंय म्हणाला, मला कळत नाही सांग म्हणाला. दुःख त्याने बोलून दाखवलं म्हणून त्याच्यापर्यंत काहीतरी पोचू शकलं. तामस श्लोक शोक करण्याबद्दल बोलतच नाही. तो न सोडण्याबद्दल बोलतोय.

शिवाय बाहेरून दिसणारा प्रत्येक थर गंजच आणि प्रत्येक गंज वाईटच, असंही नाही. दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ साधारण १६०० वर्षं जुना आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ थर तयार झाला आणि त्याने आतलं लोखंड वाचवलं. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी यावर बरंच काम केलंय. एखाद्या माणसाचा दुःखाचा थर त्याला खातोय की वाचवतोय, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगता येत नाही. म्हणून हा श्लोक दुसऱ्याच्या तोंडावर मारायचा नाही. ‘तुझी धृती तामस आहे’ हे वाक्य म्हणजे घण. त्याने रिम वाकते. फॅमिली ग्रुपवर कुणाच्या वर्षश्राद्धानंतर ‘मूव्ह ऑन’चे ज्ञानामृत पाठवणाऱ्यांनी त्या मेकॅनिकचा चहा आठवावा. तेल लावल्यावर तो थांबला होता. आणि सगळे नट काढून घेतले नव्हते, दोन परत चढवले होते. कुणाला सोडवायचं असेल तर तो सुटल्यावर कशावर टेकणार, हे आधी बघावं लागतं.

काकांनी गाडी विकली नाही. मला विचाराल तर विकायला हवीच होती असंही नाही. अठरावा अध्याय सुरूच होतो अर्जुनाच्या प्रश्नाने, की संन्यास आणि त्याग यांत फरक काय. म्हणजे सोडण्याचेही प्रकार असतात हे गीतेला माहीत आहे. चाक काढणं म्हणजे चाक टाकून देणं नाही. मेकॅनिकने तारेच्या ब्रशने हब घासला, पॉलिश पेपर मारला, मधल्या उंचवट्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला. स्टडच्या आट्यांना ग्रीस लावलं नाही. तिथे कोरडंच बरं, नाहीतर नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. पंक्चर काढून तेच चाक त्याच हबवर परत लावलं. बाकीची तीनही त्याच दिवशी उघडली. आता महिन्यातून एकदा मी किंवा चुलतभाऊ ती गाडी चालवून आणतो, डोंगरीपर्यंत जाऊन परत. पहिल्या वेळी सीट मागे ढकलावीच लागली, माझे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. काका बाजूच्या सीटवर बसले होते. म्हणाले, “दुसरा टाक आता.” मी दुसरा टाकला. काकांचं दुःख कुठवर आलं हे त्यावरून ठरवायचं नाही. ते त्यांचं आहे.

याच किनाऱ्यावरचे कोळी हे सगळं न शिकवता करतात. पावसाळी मासेमारीबंदीत होड्या वर ओढल्या जातात आणि डागडुजी सुरू होते. इंजिन उघडायचं, नटबोल्ट तपासायचे, लाकूड घासायचं, रंग लावायचा. बिघाड झालाय म्हणून नाही. पुन्हा समुद्रात न्यायचंय म्हणून. मिठात राहायचं तर हे करावंच लागतं, त्याला पर्याय नाही. मीठ नसलेली जागा शोधणं हा पर्याय कोळ्याला नाही, आणि संसारात आपल्यालाही नाही.

मग आपल्या रोजच्या पाठाचं काय, हा प्रश्न मला स्वतःला विचारावा लागतो, कारण हा ब्लॉगच रोजच्या वाचनावर चालतो. यादीतली दुसरी गोष्ट भीती आहे. तुमच्यातल्या एकीने लिहिलं होतं की अकरा वर्षांत जप एकदाही चुकला नाही, आणि आता त्यात काहीच वाटत नाही, पण थांबवायची भीती वाटते. मी तिला थांबव असं सांगणार नाही. चाक अडकलंय का हे बघायला ते धावत्या गाडीतून काढायचं नसतं. पण एक दिवस माळ हातात घेऊन जप सुरू करण्याआधी पाच मिनिटं बसायचं आणि आठवायचं : हे मी पहिल्या दिवशी का धरलं होतं? आजीने सांगितलं म्हणून? परीक्षेसाठी? कुणी आजारी होतं? जे आठवेल ते मोजायचं, एक, दोन, तीन. काहीच आठवलं नाही, नुसतं ‘सोडलं तर काहीतरी होईल’ एवढंच हाताला लागलं, तर तांबडी भुकटी बोटाला लागली असं समजायचं. मग घासायचं. एखाद्या दिवशी शंभर आवर्तनांऐवजी एका नामाचा अर्थ वाचायचा. घरातल्या कुणाशी त्याबद्दल बोलायचं. आणि त्याच जागी तोच नट परत आवळायचा, या वेळी आपल्या हाताने.

आणि भावाला फोन करायचा असेल तर आधी त्या सात वर्षांपूर्वीच्या एका वाक्यापर्यंत पोचायचा प्रयत्न करा. बाकीचा अर्धा तास त्यावर नंतर साचलेला असतो. पहिल्या फोनला ठप्प आवाज होईल ही अपेक्षा नको. तेल, चहा, एक ठोका. पुन्हा दुसऱ्या बाजूने.

एक गोष्ट राहिली. मेकॅनिक निघताना म्हणाला होता की चाक लावल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा तपासा, नव्याने बसलेलं थोडं सैल होतंच. उत्तन-डोंगरी फेऱ्यांनी शंभर किलोमीटर व्हायला आम्हाला वर्ष लागेल, म्हणून दर फेरीनंतर तपासतो. पाना काकांनी आता घरातच ठेवलाय, चपलांच्या कपाटात.

उद्या श्लोक ३६ पासून, सुखाचे तीन प्रकार. आधी विषासारखं वाटणारं सुख त्यातच येतं.

राम कृष्ण हरी.